दानाची नोंद : लेण्यांच्या भिंतीपासून विहाराच्या कपाटापर्यंत

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका म्हटली की तीत बांधकामाचा इतिहास येतो, देणगीदारांची यादी येते, कार्यकर्त्यांच्या आठवणी येतात. ते सारे यायलाच हवे. आम्ही मात्र या पानांवर एका अगदी साध्या, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या कामाचा इतिहास मांडणार आहोत. ते काम म्हणजे आलेल्या वस्तूची वहीत नोंद करणे.

ग्रंथालयात नवे पुस्तक आले की ते लगेच फळीवर जात नाही. आधी एका जाड, बांधीव वहीत त्याची नोंद होते. तारीख, पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत, कोणाकडून आले, विकत की भेट, हे सगळे एका ओळीत लिहिले जाते आणि त्या ओळीला एक क्रमांक मिळतो. या वहीला दाखल नोंदवही म्हणतात आणि त्या आकड्याला दाखल क्रमांक. वस्तुसंग्रहालयातही हेच चालते. मूर्ती असो, नाणे असो, नाहीतर फाटके पत्र असो, क्रमांक पडला की ती वस्तू त्या संस्थेची झाली. पुढे तिला कोणी घरी नेऊ शकत नाही, विकू शकत नाही, आणि ती हरवली तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो.

यात इतिहास तो काय, असे कोणी विचारील. बंधू-भगिनींनो, आपल्या धम्माच्या दोन हजार वर्षांच्या ठेव्यापैकी काय उरले, काय गेले, काय परत आले आणि काय बाजारात विकायला निघाले, हे पुष्कळदा या एका ओळीने ठरवले आहे.

त्रिरश्मी लेण्यातील नोंद

नोंदवही हे इंग्रजांनी आणलेले खूळ आहे असा आपल्यातल्या अनेकांचा समज आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात तिथे, दहा क्रमांकाच्या लेण्यात जाऊन भिंतीकडे पाहावे, म्हणजे हा समज दूर होईल.

तिथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. वर्ष बेचाळीस, महिना वैशाख. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला हा लेख आहे. उषवदाताने हे लेणे चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिले आणि सोबत तीन हजार कार्षापण अशी कायमची ठेव दिली. ही रक्कम त्याने भिक्खूंच्या हातात ठेवली नाही. गोवर्धन येथे राहणाऱ्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत त्यांच्या संघांकडे, ती ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, हेही लिहिले आहे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावेत असा हिशेब आहे. आता बघा, दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, वीस जणांत प्रत्येकी बारा. हिशेब चोख बसतो.

आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हे दान नगराच्या निगमसभेत मोठ्याने वाचून दाखवले गेले आणि रिवाजाप्रमाणे नोंदणीच्या दप्तरात निबद्ध केले गेले, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. त्यासाठी ‘निबद्ध’ आणि ‘फलकवार’ असे शब्द आले आहेत. म्हणजे फळ्यांवर लिहून ठेवण्याचे दप्तर त्या काळी होते. दान दिले, चार लोकांसमोर जाहीर केले, दप्तरात चढवले, आणि एवढे करूनही पुन्हा दगडात कोरले. दान तोंडी ठेवू नये, हे आपल्या पूर्वजांना किती पक्के ठाऊक होते!

आणि अशा नोंदी केवळ राजाच्या जावयाच्या नावाच्या नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, तसे दाराचे दान देणाऱ्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचे, म्हणजे अत्तरे-सुगंध विकणाऱ्याचे, आहे आणि दार घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. धेनुकाकट गावच्या यवनांनी एकेक खांब दिला, त्या त्या खांबावर त्याचे नाव आहे. सांचीला तर अशा दात्यांचे सहाशेहून अधिक लेख सापडले. त्यात भिक्खुणी आहेत, गृहिणी आहेत, विदिशेचे हस्तिदंतावर काम करणारे कारागीर आहेत. काही जणांच्या नावावर केवळ एक दगडी फरशी किंवा कठड्याची एक आडवी पट्टी एवढेच दान आहे. पण नाव आहे, गाव आहे, आणि काय दिले ते आहे. आजच्या दाखल नोंदवहीत याहून वेगळे रकाने असतात काय?

राजांचे इतिहास त्यांच्या भाटांनी लिहिले. सुताराचे आणि विणकराचे नाव दोन हजार वर्षे टिकले ते केवळ नोंदीमुळे.

सोपाऱ्याचा करंडक

पुढे धम्म या भूमीतून लोपला. स्तूपांचे ढिगारे झाले, लेण्यांना पांडवांची नावे मिळाली. एकोणिसाव्या शतकात जेव्हा हे ढिगारे उकरले जाऊ लागले, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला की निघालेली वस्तू कोणाच्या नावे लिहायची?

आपल्या मुंबईजवळच्या नालासोपाऱ्याचे उदाहरण घेऊ. ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. भगवानलाल मूळचे जुनागढचे. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर त्यांनी पुरातत्त्वाचे काम केले होते. ढिगाऱ्याच्या पोटात दगडी पेटी निघाली. पेटीत बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती कडेने मांडलेल्या. मधोमध एकात एक बसवलेले करंडक होते, तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. हे तथागतांच्या भिक्षापात्राचे तुकडे समजून कोणा उपासकाने ते सोन्यात ठेवले असावेत, असे भगवानलालांनी मानले. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले.

या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात गेल्या. टाउन हॉलच्या त्या पायऱ्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या पायऱ्या चढून गेल्यावर जी संस्था आहे, तिच्याकडे सोपाऱ्याचा हा ठेवा आहे. भगवानलालांनी काय कुठे आणि कसे मिळाले याचा सविस्तर वृत्तांत सोसायटीच्या नियतकालिकात छापला, त्यामुळे आज सव्वाशे-दीडशे वर्षांनी कोणीही पडताळा घेऊ शकतो.

याच भगवानलालांनी १८६९ साली मथुरेत एक सिंहशीर्ष मिळवले होते. त्यावर खरोष्टी लिपीत कोरलेले आहे की महाक्षत्रप राजुवुलाच्या राणीने शाक्यमुनींच्या धातूची स्थापना केली आणि स्तूप व संघाराम सर्वास्तिवादी संघाला दिला. म्हणजे ती वस्तू स्वतःच एक दानपत्र आहे. भगवानलाल १८८८ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे हे सिंहशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेले आणि १८८९ मध्ये तिथे दाखल झाले. एकाच माणसाच्या हातून एक ठेवा मुंबईत राहिला आणि दुसरा सातासमुद्रापार गेला. दगडावर ‘संघाला दिले’ असे लिहिलेले होते. वहीत मात्र दाता म्हणून भगवानलालांचे नाव लिहिले गेले. त्यात त्यांचा दोष काढायचा आमचा हेतू नाही. ज्या संघाला ते दिले होते तो संघ तेव्हा हजर नव्हता, एवढेच. जो हजर नसतो त्याच्या नावे नोंद होत नाही.

सारिपुत्त आणि मोग्गल्लान : लंडनहून सांचीला

आता ज्या वस्तूची नोंद झाली आणि ती नोंद ओलांडूनही जी परत आली, तिची हकीगत ऐका.

जानेवारी १८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि लेफ्टनंट मेसी या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी सांचीचे स्तूप खोदले. तीन क्रमांकाच्या स्तूपात त्यांना दोन दगडी पेट्या मिळाल्या. एकीच्या झाकणावर ‘सारिपुतस’, म्हणजे सारिपुत्ताचे, आणि दुसरीच्या झाकणावर ‘महामोगलानस’, म्हणजे महामोग्गल्लानाचे, असे कोरलेले होते. भगवंतांचे हे दोन अग्रश्रावक. आत गुळगुळीत दगडाचे लहान करंडक, त्यात हाडांचे इवलेसे तुकडे आणि मणी. करंडकाच्या झाकणाच्या आतल्या अंगाला शाईने एकेक अक्षर लिहिले होते, एकावर ‘सा’ आणि दुसऱ्यावर ‘म’. विचार करा! ज्याने दोन हजार वर्षांपूर्वी या अस्थी ठेवल्या, त्यालाही काळजी होती की अदलाबदल होऊ नये. म्हणून त्याने खूण केली. आज वस्तुसंग्रहालयात वस्तूच्या तळाशी बारीक क्रमांक घालतात, तो याच काळजीपोटी.

सांची आणि आसपासच्या सातधारा वगैरे ठिकाणी जे निघाले ते दोघा अधिकाऱ्यांत वाटले गेले. मेसीकडे गेलेल्या वस्तूंत या दोन्ही अग्रश्रावकांच्या नावाचे करंडकही होते. त्याने ते इंग्लंडला नेले आणि १८६६ साली लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये, म्हणजेच पुढच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, ठेवायला दिले. नीट लक्षात घ्या, ठेवायला दिले, दान दिले नाही. मालकी मेसी कुटुंबाची, जागा म्युझियमची. असे पन्नासहून अधिक वर्षे चालले. १९२१ साली म्युझियमने त्या वस्तू त्याच्या वारसांकडून विकत घेतल्या. तेव्हा कुठे त्या कायमच्या दाखल झाल्या. धम्मसेनापती सारिपुत्तांच्या अस्थींची अशी खरेदीच्या रकान्यात नोंद झाली.

वाचून मन विषण्ण होते. परंतु पुढचा भाग पाहा. अनागारिक धम्मपालांनी १८९१ मध्ये स्थापन केलेल्या महाबोधी सोसायटीने १९३८ साली या अस्थी परत मागितल्या. मागणी कोणाकडे करायची हे स्पष्ट होते, कारण वस्तू कुठे आहेत, कोणाच्या आहेत, कुठून आल्या, हे सगळे नोंदलेले होते. म्युझियमला ‘आमच्याकडे नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. बोलणी झाली. अस्थी द्यायच्या तर करंडकाचे काय, हाही प्रश्न निघाला. कारण म्युझियमला करंडक ही कलेची वस्तू म्हणून मोलाची वाटत होती, तर उपासकांच्या दृष्टीने अस्थी आणि त्यांचा करंडक हे एकच होते. १९३९ मध्ये अस्थी परत देण्याचे ठरले, तोच दुसरे महायुद्ध पेटले. अखेर फेब्रुवारी १९४७ मध्ये लंडनमध्ये अस्थी सोसायटीच्या प्रतिनिधींच्या स्वाधीन झाल्या. त्या आधी कोलंबोला गेल्या. तिथे दर्शनाला लाखोंची रीघ लागली. जानेवारी १९४९ मध्ये त्या कलकत्त्याला आल्या. पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते त्या महाबोधी सोसायटीकडे सुपूर्द झाल्या. मग ब्रह्मदेश वगैरे ठिकाणी दर्शनयात्रा झाली आणि ३० नोव्हेंबर १९५२ रोजी सांचीच्या चेतियगिरी विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. १८५१ ते १९५२. एकशे एक वर्षांनी दोघे अग्रश्रावक घरी परतले. २०२४ मध्ये याच अस्थी भगवंतांच्या अस्थींसोबत काही आठवडे थायलंडला दर्शनासाठी नेल्या होत्या आणि ठरल्याप्रमाणे परत आणल्या.

म्हणजे काय झाले? नोंद अन्यायाने झाली होती हे खरेच. पण नोंद होती म्हणून न्याय मागायला दार तरी सापडले. जिथे नोंदच नसते तिथे काय होते, ते पुढे बघू.

पिप्रहवा : ‘जादा’ ठरवलेली रत्ने

उत्तर प्रदेशात, नेपाळच्या सीमेलगत, आजच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यात पिप्रहवा हे गाव आहे. जानेवारी १८९८ मध्ये तिथला जमीनदार विल्यम पेपे याने आपल्या जमिनीतला स्तूप खणला. मोठ्या दगडी पेटीत पाच भांडी निघाली. त्यांपैकी एक स्फटिकाचे होते, माशाच्या आकाराची मूठ असलेले. आत अस्थी आणि शेकडो रत्ने, मणी, सोन्याची फुले. एका करंडकावर ब्राह्मी लिपीत शाक्यांचा आणि भगवान बुद्धांचा उल्लेख होता.

सापडलेल्या धनाबद्दल १८७८ चा कायदा होता. सरकारने सारे ताब्यात घेतले आणि तीन वाटे केले. अस्थी सयामचा राजा चुलालोंगकोर्न याला १८९९ मध्ये दिल्या. त्याने त्यातला काही भाग ब्रह्मदेशाला आणि सिंहलद्वीपाला वाटला. करंडक आणि बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये दाखल झाली. राहिलेली काही रत्ने, सुमारे एक पंचमांश, ‘एकसारखी आहेत, जादा आहेत’ असे म्हणून पेपेला ठेवू दिली.

‘जादा’! संग्रहालयाच्या हिशेबात हा शब्द अगदी सरळ आहे. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असल्या की दुसरी जादा. पण अस्थींसोबत श्रद्धेने ठेवलेल्या रत्नात एक मूळ आणि दुसरे जादा कसे असेल? ज्या शाक्य उपासिकेने आपल्या अंगावरचा मणी काढून त्या करंडकात टाकला असेल, तिचा मणी जादा होता काय?

इंडियन म्युझियममध्ये जे दाखल झाले ते आजही राष्ट्राचे आहे. जे ‘जादा’ म्हणून वहीबाहेर राहिले ते एका घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गेले आणि १२७ वर्षांनी, मे २०२५ मध्ये, सोदबीज या लिलाव कंपनीने हाँगकाँगमध्ये त्याचा लिलाव पुकारला. जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली. लिलाव लांबणीवर पडला. जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परत आली, पण ती आली गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतल्यामुळे. त्यातला मोठा भाग पाच वर्षांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे ठेवायचा, असे तेव्हा जाहीर झाले. परत आली याचा आनंद आहेच. तरीही सांचीच्या अस्थी आणि पिप्रहवाची रत्ने यांतला फरक ध्यानात घ्यावा. एकीकडे मागणी करून परत मिळाले, दुसरीकडे पैसे मोजून आणावे लागले. एकीकडे नोंद होती, दुसरीकडे नव्हती.

याच पिप्रहव्यात १९७१ नंतर भारतीय पुरातत्त्व खात्याने पुन्हा उत्खनन केले आणि आणखी अस्थी मिळाल्या. त्या सरळ सरकारी संग्रहात आल्या. त्या आता अशा वर्गात नोंदल्या आहेत की नाजूकपणामुळे त्या देशाबाहेर प्रदर्शनाला पाठवायच्या नाहीत. २०२२ मध्ये मंगोलियाला त्या अकरा दिवसांसाठी नेल्या, त्यासाठी खास अपवाद करावा लागला. वहीतल्या एका शेऱ्याची ताकद ही अशी असते.

बाबासाहेबांचे कागद

हे झाले दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूंचे. आता आपल्या हाताशी असलेल्या काळाकडे येऊ.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ग्रंथप्रेम सांगायची गरज नाही. ‘राजगृह’ बांधताना त्यांनी आधी विचार केला तो पुस्तकांच्या जागेचा. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयाला १९४६ मध्ये आरंभ झाला, त्याच्या ग्रंथालयाकडेही त्यांचे जातीने लक्ष असे. तिथे जी पुस्तके दाखल झाली ती विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचली.

पण त्यांचे स्वतःचे अप्रकाशित लिखाण? ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ मध्ये निघाला. बाकीचे हस्तलिखित आणि टंकलिखित कागद कोणत्याही ग्रंथालयात दाखल झालेले नव्हते. ते पेट्यांत राहिले आणि पेट्या कायद्याच्या ताब्यात राहिल्या. वीस वर्षे गेली. १९७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने समिती नेमली आणि वसंत मून यांनी मोठ्या चिकाटीने ते कागद लावले. १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्या खंडांच्या संपादकीय टिपा वाचल्या तर जागोजागी दिसते, हे प्रकरण अपुरे आहे, ही पाने मिळाली नाहीत. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ असाच अपुरा आपल्या हाती आला. त्यातली किती पाने बाबासाहेबांनी लिहिलीच नव्हती आणि किती लिहून हरवली, हे ठरवायला आज साधन नाही. पहिल्याच वर्षी पानांची मोजदाद होऊन यादी झाली असती, तर ते साधन असते.

उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. दिल्लीत बाबासाहेबांची शेवटच्या काळात सेवा करणारे नानकचंद रत्तू यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जिवापाड जपल्या. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या तयारीत पुढे असलेले वामनराव गोडबोले यांच्याकडे त्यांनी त्या सोपवल्या. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात आज बाबासाहेबांचे कपडे, त्यांचा टंकलेखन यंत्र यांसारख्या वस्तू लोकांना पाहता येतात. दोन साध्या माणसांनी ठरवले की हा ठेवा घरचा नव्हे, समाजाचा आहे. त्यांनी तो घरातून संस्थेत नेला. ठेवा असाच टिकतो.

आपले कपाट

हा सारा इतिहास आम्ही या स्मरणिकेत का मांडला, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेलच.

आपल्या वस्तीत घरोघरी काय काय आहे याचा कधी विचार केला आहे का? कोणाकडे धम्मदीक्षेच्या दिवसांतला फोटो आहे. कोणाकडे आजोबांच्या समता सैनिक दलाच्या पोशाखाचा पट्टा आहे. कोणाच्या आईने भीमगीतांची वही आपल्या हाताने लिहून ठेवली आहे. जुन्या पंचायतीची पावतीपुस्तके आहेत, जयंतीची हँडबिले आहेत, वृत्तपत्रांचे पिवळे पडलेले अंक आहेत. आमच्या मते ही आपली शिलालेखांची भिंत आहे. ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस डोळ्यांनी पाहिला, ती पिढी आता जवळजवळ संपली. घर बदलले, इमारत पुनर्विकासाला गेली, की पहिल्यांदा बाहेर पडते ती जुनी ट्रंक. आणि ट्रंक बाहेर पडली की रद्दीवाला दारात उभाच असतो. तो किलोवर घेतो. त्याच्या काट्याला दीक्षेचा फोटो आणि कालचा पेपर यांत फरक नाही.

मोबाईलवर फोटो काढून ठेवला की झाले, असे तरुण मंडळी म्हणतात. फोटो जरूर काढावा. परंतु मोबाईल बिघडला की फोटो गेला आणि फोटोतली माणसे कोण हे सांगणारे आजोबा त्याआधीच गेलेले. नोंद ती नोंदच.

काम अवघड नाही, खर्चाचेही नाही. एक जाड बांधीव वही घ्यावी, सुट्या पानांची नको. पानांवर आधी क्रमांक घालावेत, म्हणजे पान फाडले तर कळेल. रकाने आखावेत : दाखल क्रमांक, तारीख, वस्तू काय, किती, कशा अवस्थेत, कोणाकडून आली, आणि कशी आली, म्हणजे दान, खरेदी की परत देण्याच्या बोलीने. हा शेवटचा रकाना विसरू नये. सांचीच्या अस्थी लंडनमध्ये पन्नास वर्षे ‘ठेवायला’ होत्या, हे आपण वर पाहिलेच. दान असेल तर देणाऱ्याची दोन ओळींची सही घ्यावी, म्हणजे उद्या त्यांच्या मुलाबाळांशी वाद नको. विहाराच्या वतीनेही पोच द्यावी.

एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला देऊ नये. वस्तू हरवली किंवा नष्ट झाली, तर ओळ खोडू नये. तिच्यासमोर तांबड्या शाईने काय झाले ते लिहावे आणि समितीच्या ठरावाची तारीख टाकावी. पुस्तकावर शिक्का मारताना मजकुरावर मारू नये. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा, शाईपेन चालत नाही, ते पुढच्या बाजूला उमटते. फोटोतली माणसे डावीकडून उजवीकडे कोण, ते वहीत लिहावे. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत कागद खाते. आणि वहीची एक प्रत विहाराबाहेर दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवावी.

आणखी एक. ‘हे आमच्याकडे आहेच, जादा आहे’ असे म्हणून कोणाची वस्तू परत पाठवू नये. जयंतीचे तेच हँडबिल दुसऱ्या घरातून आले असेल, पण त्याच्या पाठीमागे कोणी तरी मोर्चाला जाणाऱ्यांची नावे लिहिलेली असतील. पाठ पाहिल्याशिवाय जादा ठरवू नये.

आणि नावे लिहिताना लहान-मोठे करू नये. पंखा देणाऱ्याचे नाव संगमरवरावर आणि वही देणाऱ्या म्हातारीचे नाव कुठेच नाही, असे आपल्याकडे होते. सांचीच्या कठड्यावर एक फरशी देणाऱ्या गृहिणीचे नाव दोन हजार वर्षे टिकले आहे. तिच्या शेजारी कोणा मोठ्या धनिकाचे नाव असेल, पण अक्षरांचा दगड एकच आहे. समतेचा हा धडा आपल्या पूर्वजांनी भिंतीवर कोरून ठेवला. आपण तो वहीत तरी उतरवू या.

या वर्धापन दिनी विहाराच्या कार्यालयात अशी एक वही ठेवावी आणि पहिल्या ओळीत ही स्मरणिकाच दाखल करावी, अशी आमची विहार समितीला आणि सर्व उपासक-उपासिकांना नम्र विनंती आहे. दाखल क्रमांक एक. पुढचे क्रमांक आपापल्या घरच्या ट्रंकांत आहेत.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!